शरद ऋतूतील ज्येष्ठांचा मोटारहोम-प्रवास : ऋतुविचार, पूर्वतयारी व चिकित्सकाचे कर्तव्य

विषयप्रवेश

मुलगा अथवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाल्यामुळे वर्षातील काही महिने तिकडे राहणारे आजी-आजोबा आता आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात येतात. जाण्यापूर्वी चार-सहा महिन्यांची औषधे एकदम मागणे, परतल्यावर वजन, रक्तशर्करा व गुडघे यांची तक्रार सांगणे, हे आता आम्हांस परिचयाचे झाले आहे. त्यात अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. आश्विनात तेथील झाडांची पाने रंग बदलतात, तो देखावा पाहण्यासाठी मुले मोटारहोम भाड्याने घेऊन सहकुटुंब चार-आठ दिवस डोंगरांतून फिरतात आणि आजी-आजोबांनाही बरोबर नेऊ इच्छितात. तेव्हा 'वैद्यबुवा, आम्हांला झेपेल का?' असा प्रश्न येतो.

या प्रश्नास 'या वयात कशाला?' असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते ते बहुधा चुकीचे आहे. परदेशी उपनगरातील घरात मुले कामावर व नातवंडे शाळेत गेल्यावर वृद्ध दांपत्य दिवसभर एकटे असते. पायी जाण्याजोगे दुकान नाही, ओळखीचा शेजार नाही. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात विषादास रोग वाढविणाऱ्या भावांत अग्रस्थान दिले आहे आणि हर्षास प्रीणन करणाऱ्या भावांत. नातवंडांसह काढलेले आठ दिवस हे या अर्थाने औषधच होय. औषध म्हटले की मात्रा, काल, अनुपान व अपथ्य यांचा विचार आलाच. प्रस्तुत लेखात तोच करावयाचा आहे.

ज्यांस प्रवासाची अनुज्ञा देऊ नये असे रुग्ण थोडे पण निश्चित आहेत. नुकताच हृद्रोगाचा झटका वा मोठी शस्त्रक्रिया झालेली, विश्रांतीतही श्वासकष्ट असलेले, वारंवार तोल जाऊन पडणारे, आणि ज्यांचा स्मृतिभ्रंश नव्या जागी रात्री जागे झाल्यावर बळावतो असे. हे शेवटचे रुग्ण घरात बरे दिसतात म्हणून कुटुंबीय फसतात. बाकीच्यांच्या बाबतीत तयारी कशी करावी एवढाच प्रश्न उरतो.

ऋतू कोणता मानावा?

हा खरा शास्त्रीय प्रश्न आहे आणि त्यावर आपल्या नियतकालिकांतून फारसे लिहिले गेलेले आमच्या पाहण्यात नाही. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, शरदात पित्तप्रकोप, म्हणून तिक्तघृत व विरेचन, हे सूत्र आपण सर्वजण जाणतो. परंतु शरदातील पित्तप्रकोपाचा हेतू केवळ पंचांगात नाही. वर्षाकालात पाणी व वनस्पती अम्लविपाकी होऊन पित्ताचा संचय होतो, शरीर पावसाळी गारव्यास सरावते आणि मग ढग विरून एकाएकी तीव्र सूर्यकिरणे पडल्याने ते संचित पित्त प्रकुपित होते, अशी ती कारणपरंपरा आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात आपल्यासारखा चार महिन्यांचा स्वतंत्र पावसाळा नाही. पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात ऊन वाढत नाही, उलट दिवसेंदिवस गारठा व वाऱ्याची रुक्षता वाढते. म्हणजे महिना तोच, पण हेतू भिन्न.

यावरून आम्ही प्रवाशांचे दोन वर्ग करतो. जो रुग्ण चैत्र-वैशाखातच तिकडे गेला त्याने आपला वर्षाकाल अनुभवलेलाच नाही. त्याच्या ठिकाणी शरदातील पित्ताचा आग्रह धरणे म्हणजे देशविचार सोडून देणे होय. त्याचे वय वाताचे, ऋतूचा गारठा वातकर, आणि प्रवासही वातकर. त्यास स्निग्ध, उष्ण, अल्पमात्र आहार व अभ्यंग हीच चर्या. याउलट जो भाद्रपदाच्या अखेरीस येथून निघतो, तो संचित पित्त बरोबर घेऊन जातो. विमानातील जागरण, चहा-कॉफी व अवेळी जेवण यांनी ते प्रकुपित होते आणि आठवड्याभरात तो थंड, रुक्ष वाऱ्यात जाऊन उभा राहतो. अशा रुग्णात प्रथम पित्ताची व पाठोपाठ वाताची लक्षणे दिसतात. अम्लोद्गार व शिरःशूल यांनी सुरुवात होऊन मलावष्टंभ, अनिद्रा व संधिशूल यांत त्याचे पर्यवसान होते.

या दुसऱ्या वर्गाचे शमन येथेच, निघण्यापूर्वी करावे. वृद्धास तीक्ष्ण शोधन देऊ नये, हे सांगावयास नको. मनुका, आरग्वध अथवा अल्पमात्र अविपत्तिकर यांनी मृदू अनुलोमन पुरते, आणि तेही प्रस्थानाच्या दहा-पंधरा दिवस आधी आटोपावे, म्हणजे अग्नी पूर्ववत् होण्यास अवधी मिळतो. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी 'पोट साफ व्हावे म्हणून' रेचक घेण्याची जी पद्धत आहे ती सर्वथा त्याज्य आहे. तिक्तघृताबाबतही आमचे मत असे की ते येथेच संपवावे. गारठ्यात पोहोचल्यावर कृश वृद्धाने तिक्तरस चालू ठेवणे वातास आमंत्रण देण्यासारखे आहे. या मतास अपवाद असू शकतो. स्थूल, पित्तकफप्रधान रुग्णात वैद्याने आपल्या बुद्धीने ठरवावे.

वाग्भटांनी शरदात जे वर्ज्य सांगितले आहे त्यांपैकी दही, दिवास्वाप व अतितृप्ती यांचा निषेध दोन्ही वर्गांस सारखाच लागू पडतो. तुषाराचा म्हणजे दवाचा निषेध तर तेथे अधिकच लागू आहे. मोटारहोम रात्री जेथे उभे करतात त्या तळावर पहाटे गवत दवाने भिजलेले असते आणि उत्साही आजोबा सवयीने साडेपाचला उघड्या डोक्याने फिरावयास निघतात. सूर्य वर येईपर्यंत थांबावे, कान व मस्तक झाकावे. कोजागरीचे दूध तेथील मराठी कुटुंबेही आवडीने करतात. तमकश्वासाच्या रुग्णाने ते शेकोटीभोवती उघड्यावर मध्यरात्री न घेता लवकर, गरम व सुंठ घालून घ्यावे. शेकोटीचा धूर हाही श्वासाचा हेतू आहे, हे विसरू नये.

वाहनाची ओळख व वातविचार

चिकित्सकाने वाहन कसे असते ते समजून घेतले पाहिजे, अन्यथा उपदेश पोकळ होतो. मोटारहोम म्हणजे चालते घर. बसएवढे मोठे, मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर बांधलेले व पुढील टपावर बिछाना असलेले, आणि लहान व्हॅनसारखे, असे त्याचे मुख्य तीन प्रकार तेथे प्रचलित आहेत. आत वायूवर चालणारी शेगडी, शीतपेटी, बिछाने, शौचकूप, पाण्याची टाकी व उष्णता देणारी भट्टी असते. कुटुंबास हे सोयीचे वाटते ते मुख्यतः वृद्धांमुळे : शौचाची सोय जवळ, आणि स्वयंपाक घरचा.

परंतु शौचकूप आत आहे म्हणून चालत्या गाडीत उठून जाणे हा या प्रवासातील सर्वांत मोठा धोका आहे. गाडी वळणे घेते, वृद्धाचा तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. गाडी चालू असताना आजी-आजोबांनी पुढे तोंड असलेल्या आसनावर पट्टा लावूनच बसावे. बाजूस तोंड असलेल्या बाकावर किंवा बिछान्यावर बसू नये. यातून दुसरी अडचण उद्भवते, ती वेगधारणाची. 'गाडी थांबवायला कशी सांगायची?' या संकोचाने, विशेषतः आजी, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्रवेग व पुरीषवेग यांचे धारण, त्यात जलाभाव, यातून मूत्रकृच्छ्र व बद्धकोष्ठ न झाल्यास नवल. म्हणून दर दीड-दोन तासांनी गाडी थांबविण्याचा नियम मुलांकडूनच निघण्याआधी कबूल करून घ्यावा, म्हणजे वृद्धांस मागणी करावी लागत नाही. आम्ही हा नियम औषधपत्रावरच लिहून देतो. औषधपत्रावर लिहिलेले मुले पाळतात, असा आमचा अनुभव आहे.

दर दोन तासांनी थांबण्यास आणखी एक कारण आहे. दीर्घकाळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार तास वा अधिक बैठा प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो असे आढळले. हे विमानाप्रमाणेच मोटार, बस व आगगाडीसही लागू आहे. निरोगी व्यक्तीत मूळ धोका अल्पच असतो. परंतु वार्धक्य, स्थौल्य, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया वा पूर्वी गाठ झालेली असल्यास तो वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर तेल चोळू नये, मर्दन करू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रवासातील पायदुखी म्हणजे वात व वात म्हणजे तेल, हे समीकरण येथे प्राणघातक ठरू शकते. इतर वेळी मात्र रात्री पादाभ्यंग, कोमट तिळतेल कानामागे व टाळूस, आणि नाकात अणुतेलाचे दोन थेंब यांचा गुण उत्तम येतो. शरदात, आकाश निरभ्र असता, अणुतेलाचे नस्य चरकसंमतच आहे. तेल लावलेल्या पावलांनी गाडीच्या अरुंद पायऱ्या उतरू नयेत, मोजे घालून झोपावे.

टपावरील बिछाना नातवंडांचा, खालचा आजी-आजोबांचा. हे वेगळे सांगावे लागते, कारण कित्येक आजोबा हौसेने वर चढतात.

शिरःशूल व हृल्लास : प्रत्येक वेळी पित्तच नव्हे

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला त्याकडे वळतो. परदेशातून दूरध्वनी येतो : 'बाबांचे सकाळपासून डोके दुखते आहे, मळमळते आहे, गळल्यासारखे झाले आहे. पित्त झाले असेल ना?' महिना आश्विनाचा, रुग्ण पित्तप्रकृतीचा, आदल्या दिवशी जेवण बाहेरचे. आपणांपैकी बहुतेकांच्या मुखी सूतशेखर वा कामदुधा येईल. परंतु रुग्ण मोटारहोममध्ये असेल तर पहिला प्रश्न असा विचारावा : गाडीतील आणखी कोणाचे डोके दुखते आहे काय? आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते काय?

बंद गाडीत वायूची शेगडी उबेसाठी पेटती ठेवल्यास, भट्टी सदोष असल्यास, अथवा स्वतःच्या वा शेजारच्या गाडीच्या विद्युत्‌जनित्राचा धूर आत शिरल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. शिरःशूल, भ्रम, हृल्लास, छर्दी व दौर्बल्य ही त्याची पहिली लक्षणे, म्हणजे आपल्या ग्रंथांतील पित्ताच्या चित्राशी जुळणारी. हृद्रोगी व वृद्ध यांस त्याची बाधा लवकर व तीव्र होते. झोपेत झाल्यास माणूस जागा होत नाही. अशी शंका येताच सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि तेथील ९११ या क्रमांकावर संपर्क साधावा. औषध सुचविण्यात एक मिनिटही घालवू नये. या वायूची सूचना देणारे यंत्र गाडीत असते. ते चालू आहे की नाही हे पहिल्या रात्रीच तपासण्यास मुलांस सांगावे. रात्री थंडी वाजली तर पांघरूण वाढवावे, शेगडी पेटवू नये.

दुसरे एक कारण उंचीचे. पूर्वेकडील डोंगर या दृष्टीने सौम्य आहेत. व्हर्जिनियातील शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातून जाणारा १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता जास्तीत जास्त ३६८० फुटांपर्यंतच चढतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही कमी, आणि त्यावर ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा असल्याने वृद्धांस तो मानवतो. कोलोरॅडोतील रॉकी पर्वताचे तसे नाही. तेथील ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांवर जातो. पुण्यामुंबईच्या माणसास तेथे डोकेदुखी, धाप व ओकारी होणे हा उंचीचा परिणाम असतो. उपाय खाली उतरणे हाच. ज्यांस हृद्रोग वा फुप्फुसाचा विकार आहे त्यांस आम्ही पूर्वेकडील डोंगर सुचवितो. रंग तेथेही तेवढेच सुंदर असतात असे पाहून आलेले सांगतात.

आहार

मोटारहोममधील शेगडी ही वृद्धांच्या अग्नीची मोठी सोय आहे. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, तूप, भाजलेल्या रव्याची पातळ पेज, सुंठ-जिऱ्याचे पाणी एवढे हाताशी असले की बाहेरच्या चीज-पावावर दिवस काढावा लागत नाही. वाहनाच्या टाकीतील पाणी धुण्यास वापरावे. पिण्याचे वेगळे घेऊन उकळून थर्मासमध्ये ठेवावे. ग्रंथांत शरदातील पाण्यास हंसोदक म्हणून गौरविले आहे, पण ते दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवलेले स्वच्छ जल होय, बर्फाने भरलेल्या पेल्यातील पाणी नव्हे. सफरचंदांच्या बागेत स्वतः फळे तोडण्याचा कार्यक्रम तेथे या दिवसांत असतो. वृद्धांनी ते फळ साल काढून, शिजवून, चिमूटभर दालचिनी घालून घ्यावे; कच्चे व थंड खाल्ल्यास आध्मान होते. बागेतच काढलेला ताजा रस पाश्चरीकृत नसेल तर घेऊ नये. तेथे ढीगांनी दिसणारा भोपळा म्हणजे आपला लाल भोपळा. त्यास कूष्मांड समजून पित्तशामक म्हणून खाणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. कूष्मांड म्हणजे कोहळा.

औषधे व औषधालय

आपल्या औषधालय-चालक बंधुभगिनींसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. वृद्ध रुग्ण ॲलोपॅथीची रक्तदाब, मधुमेह व रक्त पातळ करणारी औषधे घेतच असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील घड्याळ या दिवसांत आपल्याहून साडेनऊ तास, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा तास मागे असते. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्रांचे वेळापत्रक आपल्या मधुमेहतज्ज्ञाकडून लेखी घ्यावे. हा बदल आपण अंदाजाने सांगू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असता प्रवासापुरते म्हणून नवा गुग्गुळकल्प सुरू करू नये. यष्टिमधु कंठासाठी दोन दिवस चघळणे वेगळे आणि महिनाभर मोठ्या मात्रेत घेणे वेगळे. दुसऱ्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते.

रसौषधे बरोबर देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००४ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल आढळले. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात १९३ उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांशात हे धातू सापडले. त्यानंतर तेथील औषध प्रशासन व वैद्य आयुर्वेदीय गोळ्यांकडे संशयाने पाहतात. आपल्या केंद्र सरकारनेही १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांस जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शोधन-मारण विधिवत् झालेल्या भस्मांविषयी आपली श्रद्धा व अनुभव काहीही असो, सत्तरीतील वृक्क दुर्बल असतात. आणि रुग्ण तेथे अतिदक्षता विभागात दाखल झाला तर वेष्टनावर पारदाचे नाव वाचणारा डॉक्टर प्रथम त्याच दिशेने विचार करील, त्यात खऱ्या रोगाचे निदान लांबेल. म्हणून वर सूतशेखराचा उल्लेख केला तोही येथील चिकित्सेपुरताच समजावा. प्रवासासाठी शतावरी, आमलकी, सुंठ, त्रिफळा, हिंग्वष्टक अशी पाच-सहा वनस्पतिजन्य औषधे पुरतात.

कागदी पुडीत चूर्ण बांधून देण्याची आपली जुनी पद्धत परदेशी जाणाऱ्या रुग्णासाठी पूर्णतः बंद करावी. मूळ सीलबंद वेष्टन, त्यावर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक व अंतिम दिनांक, आणि सोबत इंग्रजीतील औषधपत्र असावे. औषध साधारणतः तीन महिन्यांपुरतेच न्यावे व विमानतळावर विचारणा झाल्यास दडवू नये. ताजी मुळे, पाने, बिया देऊ नयेत. आसवारिष्टांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो. आजोबांच्या बाटलीतून 'अपचनावर दोन चमचे' गाडी चालविणाऱ्या मुलास देण्याचा मोह टाळावा.

हे सर्व येथील प्रवासासही लागू आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. तरी अजून आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत टेंपो ट्रॅव्हलरनेच कोकणात वा देवदर्शनास जातात. तेथे मात्र शरदातील पित्तप्रकोप यथाशास्त्र मानावा, कारण ऊन ऑक्टोबरचे आहे व आजी वर्षाकाल येथेच काढून आलेल्या आहेत. गाडीत शौचाची सोय नसल्याने वेगधारणाचा प्रश्न अधिक तीव्र असतो.

परतल्यानंतर

रुग्ण परत आला की दोन आठवड्यांत त्यास एकदा बोलवावे. वजन, रक्तदाब, शर्करा व पायांची सूज पाहावी. त्याबरोबर त्वचाही पाहावी, आणि यास विशेष कारण आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागातील रानांत काळ्या पायांचे गोचीड असते. त्याच्या दंशाने लाइम रोग होतो. कनेक्टिकट राज्यातील ज्या गावी हा विकार १९७० च्या दशकात प्रथम लक्षात आला त्याचेच नाव रोगास मिळाले आहे. प्रौढ गोचिडी शरदात विशेष सक्रिय असतात आणि गळलेल्या पानांच्या थरातून चालणाऱ्यांच्या पायांस चिकटतात. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारे लालसर मंडल उठते, पण सावळ्या त्वचेवर ते नीट दिसत नाही व खाज नसल्याने रुग्ण सांगत नाही. पुढे ज्वर, अंगमर्द आणि काही महिन्यांनी एखाद्या मोठ्या सांध्याची, बहुधा गुडघ्याची, सूज येते. अशा रुग्णास आमवात वा संधिगतवात समजून महिनोन्‌महिने चिकित्सा केली जाण्याचा मोठा संभव आहे, कारण हा रोग आपल्याकडे सहसा विचारातच घेतला जात नाही. आरंभी योग्य प्रतिजैविकाने तो पूर्ण बरा होतो. म्हणून शरदात तिकडे फिरून आलेल्या रुग्णाच्या नव्या संधिशोथात 'रानात पानांतून चालला होतात काय, अंगावर गोचीड सापडली होती काय?' हे दोन प्रश्न प्रश्नपरीक्षेत घालावेत, आणि उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास संसर्गरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रवासात रोज रात्री पादाभ्यंगापूर्वी पोटऱ्या, गुडघ्यामागील भाग, जांघा व काखा पाहाव्यात. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यावर तेल ओतू नये वा तिला चटका देऊ नये. हे काम नातवंडांकडे सोपवावे. त्यांची दृष्टी चांगली असते आणि त्यांना ते आवडते.